क्वांटम मोजमापाची मर्यादा

कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांसारख्या राशींच्या जोडीतील दोन्ही राशी एकाच वेळी हव्या तितक्या नेमक्या असू शकत नाहीत, हा निसर्गनियम. व्हेर्नर हायझेनबर्ग यांनी तो १९२७ मध्ये ‘अनिश्चितता तत्त्व’ म्हणून मांडला. त्याचे काटेकोर गणिती रूप त्याच वर्षी अर्ल केनार्ड यांनी दिले : दोन अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक संख्येखाली जात नाही. ज्यूल-सेकंदात ही संख्या लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्ये आणि मग ५३.

ही संख्या इतकी लहान असल्यामुळेच रोजच्या व्यवहारात नियम जाणवत नाही. ३० मिलिग्रॅमच्या ज्वारीच्या दाण्याचे स्थान एका मायक्रोमीटरपर्यंत नक्की केले, तर त्याच्या वेगात उरणाऱ्या किमान अनिश्चिततेने तो विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांतही मायक्रोमीटरभर सरकणार नाही. इलेक्ट्रॉन मात्र अणूएवढ्या जागेत, म्हणजे मिलिमीटरच्या कोट्यंशात कोंडला, की त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला निदान ५८० किलोमीटर होते.

मोजताना धक्का लागतो म्हणून अचूकता हरवते, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. हे अपुरे आहे. खुद्द हायझेनबर्ग यांनी गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचा दाखला तसाच दिला होता आणि त्यातली भिंगाविषयीची चूक नील्स बोर यांनी दाखवून दिली. मूळ कारण तरंगात आहे. टाळीचा क्षण नेमका सांगता येतो, पण तिचा सूर सांगता येत नाही. तंबोऱ्याचा सूर ओळखायचा तर तार काही काळ वाजू द्यावी लागते. कणाशी निगडित तरंगाचेही तसेच : तो आखूड असेल तर संवेग ठरत नाही, लांब असेल तर स्थान. मोजणीने होणारा व्यत्यय हा निराळा प्रश्न असून त्यासाठी मासानाओ ओझावा यांनी २००३ मध्ये वेगळी असमानता मांडली. तिची चाचणी व्हिएन्नात न्यूट्रॉनांवर झाली.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांत ही मर्यादा प्रत्यक्ष आडवी येते. तिथे ४ किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना टांगलेल्या ४० किलोच्या आरशांची प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी हालचाल टिपायची असते. लेसर मंद ठेवला तर फोटॉन अनियमितपणे येत असल्याने मोजणी थरथरते. तो प्रखर केला तर तेच फोटॉन आरशाला कमीजास्त रेटतात. या दोहोंचा समतोल जिथे साधतो, त्या पातळीला ‘प्रमाण क्वांटम मर्यादा’ म्हणतात. व्लादिमिर ब्रागिन्स्की यांनी १९६०च्या दशकात ती ओळखली. पण बंधन गुणाकारावर आहे, एकेका राशीवर नाही. कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये याच फटीचा उपयोग सुचवला : प्रकाशाच्या एका गुणधर्मातली अनिश्चितता दाबून दुसऱ्यात ढकलायची. असा ‘संकुचित’ प्रकाश लायगो २०१९ पासून नियमित वापरते. २०२३ पासून ३०० मीटरच्या गाळणी-पोकळीमुळे कुठल्या वारंवारतेला कुठली अनिश्चितता दाबायची, हेही ठरवता येते आणि काही वारंवारतांना प्रमाण मर्यादेच्या खाली उतरता आले आहे. हायझेनबर्गचा नियम त्यात कुठेही मोडत नाही.

याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.