गिळलेला राग

मागच्या शनिवारी नांदेडहून लातूरला मावशीकडे गेलो होतो. मावशी आता बरी आहे. एक स्टेंट बसलाय, गोळ्या चालू आहेत, आणि तरीही बाई स्वयंपाकघर सोडायला तयार नाहीत :)

पण त्याआधी तीन-चार महिने तिचं एकच पालुपद होतं, "काई नाई रे, पित्त खवळायलंय." जिना चढताना दम लागायचा, पाठीत आणि जबड्यात दुखायचं, मळमळायचं. एका डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. हार्ट अटॅक म्हटलं की छाती धरून कोसळणारा सिनेमातला बाप्याच आपल्याला आठवतो. बायकांमध्ये बरेचदा दम लागणं, थकवा, मळमळ, पाठदुखी अशीही लक्षणं असतात, हे आमच्या घरात कुणाला माहीत होतं? मलाही नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, "रागानं बी होतंय का रे असं?"

मी म्हटलं, "तू कुठं रागावतेस कधी?"

"तेच तर," मावशी म्हणाली आणि आत निघून गेली.

हे "तेच तर" काही डोक्यातून जाईना. मग आठवडाभर रात्री बसून वाचत गेलो. तर सांगायचा मुद्दा असा, की राग आणि हृदय यांच्या नात्याचा इतिहास बराच जुना आहे, पण त्यातला राग बहुतेक वेळा पुरुषांचा आहे.

सुरुवात लंडनच्या जॉन हंटरपासून करू. अठराव्या शतकातला हा नावाजलेला सर्जन. त्याला स्वतःला छातीत कळ येण्याचा विकार होता, आणि आपल्याला चिडवणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात आपला जीव आहे, असं तो बोलून दाखवायचा. 16 ऑक्टोबर 1793 ला हॉस्पिटलच्या बैठकीत कुणीतरी त्याचं म्हणणं खोडून काढलं. हंटर तणतणत बाहेर पडला आणि कोसळला. तिथेच खेळ खलास.

मग येऊ 1950 च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोला. फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयतज्ज्ञांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजायच्या, असा किस्सा त्यांनीच सांगितलाय. म्हणजे पेशंट टेकून बसतच नव्हते, कधी एकदा उठतो असं त्यांना व्हायचं! यातून पुढे 'टाइप ए' आला: घाईचा, चढाओढीचा, चटकन चिडणारा स्वभाव. 1960 मध्ये त्यांनी मोठा अभ्यास सुरू केला. साडेआठ वर्षांनी निष्कर्ष निघाला, की टाइप ए लोकांना हृदयविकार साधारण दुप्पट. (पुढच्या काही अभ्यासांत हे तितकंसं टिकलं नाही, आणि घाईपेक्षा मनातली चीड आणि वैरभाव महत्त्वाचा, असं लोक म्हणू लागले.) अभ्यासात माणसं होती 3154. त्यात बायका किती? शून्य!

टेस्टिंगवाल्यांनी माझी अर्धीच केस तपासली असती तर मी त्यांना सोडलं नसतं. इथं जगातली अर्धी माणसंच गायब.

बायकांची नीट नोंद झाली ती अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावात. तिथला अभ्यास 1948 साली 5209 लोकांना घेऊन सुरू झाला आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. (त्याच सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, हे सहज जाता जाता.) 1980 मध्ये हेन्स आणि फाइनलीब यांनी तिथल्या नोकरी करणाऱ्या बायकांवर लेख लिहिला. नोकरीमुळे सरसकट हृदयविकार वाढला नव्हता. वाढला होता तो कारकुनी काम करणाऱ्या बायकांत, त्यातही मुलंबाळं असलेल्यांत. आणि धोका कशाशी जोडलेला निघाला? साथ न देणारा साहेब, नोकरी बदलायची सोय नसणं, आणि दाबून ठेवलेला राग.

2007 मध्ये त्याच गावातल्या पुढच्या पिढीबद्दल इलेन ईकर यांचा लेख आला. नवऱ्याशी खटका उडाला की गप्प बसणाऱ्या बायका दहा वर्षांच्या काळात मरण पावण्याचा धोका बोलणाऱ्यांच्या चौपट होता. हे सगळ्या कारणांचे मृत्यू, फक्त हृदयविकाराचे नव्हेत, आणि असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. गप्प राहणाऱ्या पुरुषांत मात्र असा फरक दिसला नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट कोड कुठला? जो एरर पकडतो आणि काहीच न सांगता गिळून टाकतो. स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि आत डेटा सडत चाललेला. मावशीचं घर चाळीस वर्षं असंच हिरवंगार चाललं होतं.

मग काय, आरडाओरडा करायचा का? नाही. रागाचा भडका उडाल्यावर पुढच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त होतो, असं 1995 च्या एका अभ्यासात दिसलं. 2024 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी लोकांना फक्त आठ मिनिटं रागाचे प्रसंग आठवायला लावले, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता पुढे चाळीस मिनिटांपर्यंत कमी राहिली. म्हणजे फुटणंही वाईट आणि गिळणंही वाईट. मधे उरतं ते कुणाला तरी सांगणं.

आणि सांगण्याची जागा आपल्याकडे होती की! नांदेडच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही दासी प्रत्यक्ष विठोबाला अरे-तुरे करत झापते. नंतर शेकडो वर्षं बाया पहाटे जात्यावर बसून सासर, सवत, माहेर, सगळ्यांचा हिशोब ओवीत मांडत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मग पिठाच्या गिरण्या आल्या. बरंच झालं, पहाटे उठून दळणं काही चैन नव्हती. जात्यामुळे कुणाचं हृदय वाचलं असंही मी म्हणत नाही. पण कष्ट गेले त्याबरोबर बोलण्याची ती जागाही गेली.

नवी जागा तयार करता येते, हेही लातूरनंच दाखवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीनं गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, त्या लोकांच्या तक्रारी घेऊन साहेबापुढे उभ्या राहिल्या. त्यांची इसीजी कुणी काढली नाही, पण राग गिळण्याऐवजी तो कामाला लावला, हे नक्की.

असो. काल मावशीला फोन केला. गोळ्यांची चौकशी झाल्यावर विचारलं, "त्या दिवशी 'तेच तर' म्हणालीस, ते काय होतं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला वेळ हाय का रे?"

आहे म्हटलं. एक तास दहा मिनिटं बोलली. मी फक्त हूं-हूं केलं.

तुमच्याही घरात कुणाला सारखं पित्त होत असेल तर आधी इसीजी काढून घ्या. आणि मग निवांत विचारा, राग कशाचा आलाय.