वऱ्हाडातील मोटारगाड्यांचे शीतन : पंख्याची कळ व तापसंवेदक यांचा इतिहास

मोटारगाडीच्या एंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकी साधारणतः एकतृतीयांश भाग शीतन-व्यवस्थेला बाहेर टाकावा लागतो. हे कार्य बाहेरील हवेवर अवलंबून असते. रेडिएटरमधील पाणी ९५ अंश सेल्सिअस व हवा २५ अंश असता दोहोंत ७० अंशांचे अंतर असते; अमरावती-अकोल्याच्या वैशाखात हवा ४५ अंशांवर गेली म्हणजे तेच अंतर ५० अंशांवर येते. अर्थात त्याच रेडिएटरची उष्णता टाकण्याची शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. यास्तव शीतन-व्यवस्थेतील जे वैगुण्य अन्यत्र खपून जाते, ते वऱ्हाडात उघडे पडते.

या व्यवस्थेच्या इतिहासाचे तीन कालखंड पाडता येतात. पहिला कालखंड पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याचा होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट व तिचेच पुढील रूप असलेली पद्मिनी, तसेच हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर, या गाड्यांत पंखा एंजिनच्याच गतीने फिरे. गाडी तापलेली असो वा थंड, तो फिरतच राही. मात्र रेल्वेच्या फाटकाशी गाडी उभी राहिली म्हणजे समोरून वारा नाही आणि पंख्याची गतीही मंद, अशी कुचंबणा होई. अशा वेळी तापमानाचा काटा पाहणे व योग्य क्षणी एंजिन बंद करणे हे चालकाचे काम होते. निर्णय माणसाचा होता. यंत्र केवळ वार्ता देत असे.

दुसऱ्या कालखंडाचा आरंभ डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० पासून मानता येतो. तिचे एंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे त्याच्या दट्ट्यांची रांग रेडिएटरला समांतर आली आणि पट्ट्याने पंखा फिरविण्याची सोय उरली नाही. पंख्याला विजेची मोटार आली व तिला चालू-बंद करणारी उष्णतेची कळ आली. या कळीत असमान प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची चकती असते. पाणी साधारणतः ९५ अंशांच्या आसपास तापले की ती वळते व विद्युत्‌मंडल पूर्ण होते. पाणी काही अंशांनी निवले की ती पूर्ववत होते. चालकाचा निर्णय आता या चकतीकडे गेला.

तिसरा कालखंड इंधन-अंतःक्षेपणाचा. २००० सालापासून उत्सर्जनाची मानके उत्तरोत्तर कडक होत गेली, तसतसा एंजिनचा कारभार संगणकाकडे आला. येथील संवेदक स्वतः काही जोडीत वा तोडीत नाही. तापमान वाढले की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो, एवढीच वार्ता तो देतो. पंखा लावण्याचा निर्णय संगणक घेतो.

भाषेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. पंख्याची कळ, काट्याचा संवेदक आणि संगणकाचा संवेदक या तीन भिन्न वस्तू होत. परंतु व्यवहारात तिहींना 'सेन्सर' हे एकच नाव पुरते. हा निव्वळ शब्दविलास नव्हे. नाव एक झाल्यामुळे भलताच भाग बदलला जातो व दोष तसाच राहतो. निदानाची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी आहे. कळीच्या दोन तारा एकमेकींस जोडल्यावर पंखा फिरला तर कळ निकामी. न फिरला तर दोष फ्यूज, रिले, तारा वा मोटार यांत शोधावा लागतो. काट्याच्या संवेदकाला बहुधा एकच तार असते. त्याचे मंडल एंजिनच्या धातूतून पूर्ण होते. त्याच्या आट्यांवर गळती थांबविणारी फीत जाड गुंडाळली तर हा मार्ग अडतो आणि नवा संवेदकही खोटी वार्ता देतो. संगणकाच्या संवेदकाची तार काढली असता अनेक गाड्यांत पंखा सावधगिरी म्हणून सतत फिरू लागतो.

वऱ्हाडाची आणखी एक विशेषता म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल क्षारयुक्त आहे. ते रेडिएटरमध्ये ओतले गेले म्हणजे गंज वाढतो, धातूवर पुट चढते, आणि पुटाखाली दडलेल्या कळीला पाण्याची उष्णता उशिरा कळते. उकळणाऱ्या गाडीचा दोष तेव्हा कळीवर येतो. कारण मात्र पाण्यात असते. म्हणून जुन्या गाडीची कळ बदलताना एंजिन पूर्ण निवू देणे, नवे वायसर घालणे, शुद्ध पाणी व शीतक योग्य प्रमाणात भरणे, अडकलेली हवा काढणे आणि शेवटी पंखा आपोआप लागून बंद होतो की नाही हे पाहणे, हे सर्व एकाच कामाचे भाग ठरतात. दाबाचे झाकणही तपासावे लागते. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यास उघडे पाणी ९६ अंशांच्या जवळपास उकळते, म्हणजे झाकण सैल असेल तर पंख्याची कळ जागी होते त्याच सुमारास.

सारांश, या इतिहासात निर्णय चालकाकडून चकतीकडे व चकतीकडून संगणकाकडे सरकत गेला. त्यांना वेगळे ओळखणारी नावे मात्र त्या गतीने घडली नाहीत. 'कळ' व 'संवेदक' हे शब्द मराठीत आहेत. जी जोडते-तोडते ती कळ आणि जो केवळ कळवितो तो संवेदक, एवढा भेद पाळला गेला तरी अर्धे निदान शब्दातच होऊन जाते.