शंकेला मिळालेलं घर

मला जे ठाऊक आहे असं मी म्हणतो, ते मला कशावरून ठाऊक आहे? प्रश्न अगदी साधा आहे. पण सतराव्या शतकात युरोपातल्या काही माणसांनी तो नेटानं धरला आणि आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान उभं राहिलं.

त्याआधी तिथल्या विद्यापीठांत अ‍ॅरिस्टॉटल प्रमाण होता. त्याचा अर्थ लावायला त्यांनी आधार घेतला तो कोर्दोव्याच्या इब्न रुश्द या काझीचा. तेराव्या शतकात त्याच्या अरबी टीका लॅटिनमध्ये आल्या आणि १२७७ साली पॅरिसच्या बिशपनं अशा विचारांतली २१९ विधानं निषिद्ध ठरवली. पुढे लूथरनं १५१७ साली चर्चचा अधिकार हलवला, १५४३ साली कोपर्निकसनं पृथ्वीला फिरती केली आणि १५६२ साली सेक्स्टस या प्राचीन ग्रीक संशयवाद्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये छापून आला. जुने आधार डळमळले, नवे अजून सापडले नव्हते.

१६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत मागं घ्यावं लागलं. ही बातमी हॉलंडमध्ये राहणाऱ्या रने देकार्त या फ्रेंच माणसानं ऐकली. फिरत्या पृथ्वीचा विचार मांडणारा त्याचा ग्रंथ जवळजवळ तयार होता. तो त्यानं छापलाच नाही. १६३७ साली त्यानं दुसरं पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता. पण फ्रेंचमध्ये, म्हणजे लॅटिन न शिकलेल्यांनाही वाचता येईल असं. डोळे फसवतात, स्वप्न खरं वाटतं, मग भरवसा कशाचा? सगळ्यावर शंका घेतली, तरी शंका घेणारा कुणीतरी उरतोच. या एका खात्रीवर त्यानं पुढची इमारत रचली. त्यात ईश्वरालाही जागा होती. तरी १६६३ साली चर्चनं त्याची पुस्तकं निषिद्ध यादीत टाकलीच.

या इमारतीची भेग दाखवली ती एका बाईनं. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं १६४३ साली देकार्तला पत्रातून विचारलं : मनाला आकार नाही, वजन नाही, मग ते शरीराला हलवतं कसं? समाधानकारक उत्तर त्याला देता आलं नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पिनोझानं याहून मोठी किंमत मोजली. १६५६ साली, तेविसाव्या वर्षी, त्याच्याच ज्यू समाजानं त्याला बहिष्कृत केलं. त्याच्याशी कुणी बोलू नये, त्याचं लेखन कुणी वाचू नये, असं फर्मान निघालं. तो भिंगं घासून जगला. विचारस्वातंत्र्यानं धर्मनिष्ठेला आणि राज्याच्या शांततेला धोका नाही, उलट ते दडपल्यानंच तो निर्माण होतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १६७० साली निनावी निघाला. छापल्याचं गावही खोटं होतं.

लगेच १६७१ साली ऑक्सफर्डमधून एका जुन्या अरबी कथेचं लॅटिन भाषांतर प्रसिद्ध झालं. निर्जन बेटावर वाढलेला मुलगा, गुरू नाही, ग्रंथ नाही, तरी केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सत्यापर्यंत पोचतो, अशी ती कथा. लेखक होता इब्न तुफैल. इब्न रुश्दला खलिफाच्या दरबारात नेणारा तोच.

म्हणून शंका ही एकट्या युरोपची मिरास आहे, असं मला वाटत नाही. श्रद्धेची ती वैरीण आहे, असंही नाही. देकार्त अखेरपर्यंत कॅथलिक राहिला, आणि इब्न रुश्द तर न्यायनिवाडे करणारा काझी होता. पण शंकेला घर लागतं : छापणारा, वाचणारा, दार न लावणारा कुणीतरी लागतो. जॉन लॉकनं १६८३ साली इंग्लंडमधून पळून हॉलंड गाठलं, ते अशाच घराच्या शोधात. आपल्या घरात पोरगं प्रश्न विचारतं तेव्हा आपण काय करतो, हे ज्यानं त्यानं पाहावं.