टेनिस एल्बो : खेळाडूंपेक्षा श्रमिकांचा विकार

वाराणसीतील मदनपुरा, लोहता अशा वस्त्यांत हातमागावर बनारसी साडी विणताना विणकर एका हाताने दोरी ओढून धोटा फिरवतो आणि दुसऱ्या हाताने फणीचा ठोका देतो. मनगटावर व पकडीवर सतत पडणारा असा ताण ‘टेनिस एल्बो’ला कारणीभूत ठरतो. नावात टेनिस असले, तरी बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते. विणकर, सुतार, रंगारी, स्वयंपाकी, तसेच कपडे पिळणाऱ्या गृहिणी यांनाही हा विकार होतो. ३५ ते ५५ या वयोगटात तो अधिक आढळतो.

मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरील उंचवट्याशी कंडरेने जोडलेले असतात. वारंवार ताण पडून या कंडरेची सूक्ष्म झीज होते. पूर्वी या विकाराचे मूळ सूज असल्याचे मानले जात असे. आता झीज हेच मुख्य कारण समजले जाते.

कोपराच्या बाहेरील बाजूस वेदना होतात व पकड सैल पडते. भरलेला तांब्या उचलणे किंवा किल्ली फिरवणेही कठीण होते. निदान बहुधा तपासणीवरूनच होते. बोटांना बधिरता असल्यास मात्र नस दबल्याची शक्यता पडताळावी लागते.

बहुसंख्य रुग्ण साधारण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. वेदना वाढवणारे काम कमी करावे. पण हात पूर्ण निश्चल ठेवू नये. बर्फाचा शेक आणि कोपराखाली बांधायचा पट्टा यांनी आराम मिळतो. तळहात खाली ठेवून हलके वजन सावकाश खाली नेण्याचा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांकडून शिकून घ्यावा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते. मात्र वर्षअखेरीस असे रुग्ण इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा मागे राहतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

शस्त्रक्रिया हा अखेरचा पर्याय होय. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये या विकाराने ग्रासले. मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांनी ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून पुनरागमन केले.

साडीमागे मजुरी मिळणाऱ्या विणकराला एवढी विश्रांती परवडत नाही, त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते. कामात थोड्या थोड्या वेळाने विसावा घेणे आणि वेदना दोन-तीन आठवड्यांत न थांबल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे, हाच त्यावरील स्वस्त उपाय आहे. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात अशा तपासणीची सोय आहे.