किचनेर व्हाइसरॉय का झाला नाही?

1910 साली लॉर्ड मिंटोची मुदत संपत आली आणि नव्या व्हाइसरॉयचा शोध सुरू झाला. सगळ्यांत वजनदार नाव लॉर्ड किचनेरचं होतं. ओमदुर्मानचा विजेता, बोअर युद्धातला सेनापती आणि 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती. त्याच्याशी झालेल्या भांडणात 1905मध्ये राजीनामा द्यावा लागला तो व्हाइसरॉय कर्झनला! खुद्द राजा सातवा एडवर्ड किचनेरच्या बाजूने होता.

आडवा आला भारतमंत्री मोर्ले.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. निवड म्हटली की अनुभव, कौशल्य असे रकाने भरायची सवय. त्या रकान्यांत किचनेर सहज जिंकतो. शिवाय काळही अशांत होता. 1908मध्ये टिळकांना मंडालेला धाडलं होतं; डिसेंबर 1909मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या. अशा वेळी लष्करी माणूसच हवा, असं कुणीही म्हटलं असतं.

मोर्लेचा हिशेब वेगळा होता. 1909च्या सुधारणांनी कायदेमंडळं नुकतीच विस्तारली होती. त्यांच्या पाठोपाठ सेनापती पाठवला, तर त्या सुधारणांवर विश्वास कोण ठेवणार? मे महिन्यात राजा वारला आणि किचनेरचा मोठा आधार गेला. नेमणूक झाली हार्डिंजची. हा मुत्सद्दी, आजोबा इथे गव्हर्नर जनरल होते, पण याने स्वतः हिंदुस्थानात कधी नोकरी केली नव्हती.

म्हणून मोर्लेला उदारमतवादाचं प्रशस्तिपत्र देऊ नये. टिळकांची शिक्षा त्याच्याच कारकिर्दीतली. हिंदी लोकांना काय वाटेल याचा विचार लंडनमध्ये झाला, पण व्हाइसरॉय निवडायचा अधिकार त्यांना नव्हताच. भावना जपायच्या त्या राज्य टिकावं म्हणून.

तरीही माणूस बदलल्याने काहीच फरक पडत नाही, असंही म्हणवत नाही. 1911मध्ये बंगालची फाळणी रद्द झाली. पुढच्याच वर्षी चांदणी चौकात हार्डिंजवर बॉम्ब पडला. सौम्य चेहऱ्याने राग शमला नव्हता. पण नोव्हेंबर 1913मध्ये, गांधींचा सत्याग्रह चालू असताना, याच हार्डिंजने मद्रासच्या भाषणात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर उघड टीका केली. लंडनला ती रुचली नाही. बोअर युद्ध जिंकून आलेला सेनापती त्या जागी असता, तर हे बोलला असता का?