भुलेश्वरच्या गजमुखी देवीचं कूळ

रांजणगावला महागणपतीचं दर्शन झालं की बहुतेक मंडळी पुण्याच्या नाहीतर नगरच्या वाटेला लागतात. त्याऐवजी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे वळावं, भीमा ओलांडावी आणि यवतजवळून भुलेश्वरचा डोंगर चढावा. दौंड तालुका मागे पडतो, पुरंदर लागतो. रांजणगावच्या गणपतीच्या दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी आहेत. इथे मात्र सोंड खुद्द देवीलाच आहे.

बाहेरून मंदिराचा अंदाज येत नाही. चुन्याचे घुमट, उंच भिंती, दरवाजा सहजी न दिसणारा. सतराव्या शतकात आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला. आतलं शिवमंदिर त्याहून कितीतरी जुनं, यादवकाळातलं, काळ्या पाषाणाचं. शरपंजरी पडलेले भीष्म, नटलेल्या सुरसुंदरी, हत्तींच्या रांगा. आणि जागोजागी फुटलेले चेहरे, तुटलेले हात. तरीही एखाद्या सुरसुंदरीच्या कमरेचा बाक पाहिला की छिन्नी धरणारा हात किती तयारीचा होता ते कळतं.

प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या वाटेवर मान वर करून पाहिलं तर ती सापडते. मांडी घालून बसलेली, दागिन्यांनी मढलेली, वक्षस्थळ स्पष्ट कोरलेलं, वर हत्तीचं तोंड. खाली उंदीर. कुणी गणेश्वरी म्हणतं, कुणी लंबोदरी. ‘हा साडीतला गणपती’ असंही सांगितलं जातं, आणि मला ते मुळीच पटत नाही.

कारण तिचं कूळ वेगळं आहे. राजस्थानात रैढ इथे गजमुखी देवीची एक भंगलेली मृण्मय पट्टिका सापडली. ती इसवी सनाच्या आगेमागे शतकभरातली मानतात. मत्स्यपुराणात अंधकासुराची कथा येते. त्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवे अंधक उठू लागले, तेव्हा ते रक्त पिण्यासाठी शंकराने मातृका निर्माण केल्या. त्यांत वैनायकी आहे, हीच ती गजमुखी देवी. म्हणजे ती गणपतीची बायको नव्हे, सोंगही नव्हे. शिवाने रणात उतरवलेल्या आयांपैकी ती एक. पुढे ती योगिनींच्या मेळ्यात दिसते. ओडिशातल्या हिरापूरला चौसष्ट योगिनींच्या उघड्या वर्तुळाकार मंदिरात ती आहे, जबलपूरजवळ भेडाघाटला कलचुरींच्या मंदिरातही आहे. नवव्या ते अकराव्या शतकांतली ही शिल्पं. भुलेश्वरची त्यांच्या मागून आली.

मग ती शिवाच्या मंदिरात का, हा प्रश्नच उरत नाही. तिचं घरच ते. रांजणगावच्या कथेत त्रिपुरासुराला मारण्याआधी शंकर गणपतीची आराधना करतो. अंधकाच्या कथेत तोच शंकर आयांना हाक मारतो. दोन्ही कथांत महादेवाला एकट्याने लढाई जिंकता येत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गणपती पुढे घराघरांत गेला, पेशव्यांचं आराध्यदैवत झाला. रांजणगावला थोरल्या माधवरावांनी मूर्तीसाठी तळघर बांधल्याचं सांगतात. वैनायकीच्या वाट्याला असं काही आलं नाही. म्हणून भुलेश्वरला जाल तेव्हा चांगली बॅटरी बरोबर घ्या, आणि एकट्या तिच्यावर प्रकाश टाकून थांबू नका. शेजारच्या देव्यांवरही टाका, त्यांच्या पायाखालची वाहनं बघा. जशी त्यांची वाहनं, तसाच हिचा उंदीर. ती आपल्या बहिणींच्या पंगतीत बसली आहे.