गप्प तारेची कुळकथा

वाशीम, रिसोड किंवा कारंज्याच्या बाजारात इंडक्शन शेगडी दुरुस्तीला येते तेव्हा गिऱ्हाईक आजार सांगत नाही, आकडा सांगते. "भाऊ, पंखा फिरते, काचेवर ई आन् त्याच्यापुढं आकडा येते, पण भांडं काही तापत नाही." मुरलेला कारागीर तो आकडा ऐकून घेतो, पण त्यावर लगेच भरवसा टाकत नाही. एक तर हे आकडे कंपनीगणिक बदलतात. एकीचा ई३ म्हणजे तापलेली काच, तर दुसरीचा ई३ म्हणजे चढलेला व्होल्टेज. दुसरे असे की काही आकडे कुठल्याच सुट्या भागाचे नाव घेत नाहीत. ते एवढेच सांगतात की एका कार्डाने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले नाही. अशा वेळी दोष तिघांत असू शकतो: विचारणाऱ्यात, ऐकणाऱ्यात किंवा मधल्या तारेत. तो कुणात आहे हे शोधण्याची विद्या शेगडीपेक्षा खूप जुनी आहे. तिचा जन्म तारायंत्राच्या खांबांवर झाला.

आधी शेगडीच्या पोटात डोकावू. ओट्यात बसवलेल्या मोठ्या शेगडीत आणि परदेशी घरांतल्या ओव्हनसकटच्या चुलीत बहुधा दोन कार्डे असतात. काचेखालचे कार्ड बोटांचा स्पर्श ओळखते आणि आकडे दाखवते. तळाचे पॉवर कार्ड २३० व्होल्टची वीज घेऊन तिचा सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब बनवते आणि आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या मदतीने तांब्याच्या कॉइलमध्ये सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट खेळवते. दोघांमध्ये बारीक तारांची एक पट्टी असते: एक तार पाच व्होल्टची, एक ग्राउंडची, उरलेल्या बोलण्याच्या. निरोपांची ये-जा अखंड चालू असते. ठरल्या वेळात समजेल असा निरोप आला नाही, तर पॉवर कार्ड कॉइल बंद करते आणि काचेवर आकडा झळकतो. हुकूम देणारा गप्प झाला असताना आग चालू ठेवणे धोक्याचे, म्हणून ही खबरदारी.

आता मागे जाऊ. १८४४ साली सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली. पुढे अमेरिकेतल्या तारमार्गांवर एक रीत पडली. कुणी काही पाठवत नसतानाही तारेतून प्रवाह वाहता ठेवायचा आणि तो तोडून-जोडून निरोप पाठवायचा. बॅटऱ्या जास्त खर्ची पडत, पण वादळात कुठे तार तुटली तर प्रवाह थांबे आणि मार्गावरच्या कचेऱ्यांना ते तत्काळ कळे. या रीतीने दोन प्रकारच्या शांततांमध्ये भेद केला. प्रवाह आहे पण निरोप नाही, ती निरोगी शांतता. प्रवाहच नाही, ती मेलेली. पुढची सगळी कथा या एका भेदावर उभी आहे.

तार मेली हे कळले तरी ती कुठे मेली, हा प्रश्न उरतोच. भारतात विल्यम ओशॉनेसीने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार चालवली आणि १८५४ पर्यंत ती मुंबईला पोचली. शेकडो मैलांचे जंगल, नद्या आणि पावसाळा यांतून गेलेल्या तारेचा दोष प्रत्येक खांब तपासून सापडणारा नव्हता. तारखात्यांची युक्ती साधी होती. मधल्या कचेरीत तार सोडायची, तिचे टोक जमिनीला जोडायचे आणि चाचणी घ्यायची. अलीकडचा अर्धा भाग ठणठणीत निघाला तर दोष पलीकडे. मग पलीकडचा पुन्हा अर्धा करायचा. याच्या जोडीला व्हीटस्टन ब्रिजवर आधारलेल्या मरे आणि व्हार्ली यांच्या लूप चाचण्या आल्या. त्यांत तारेचा रोध मोजून दोष किती मैलांवर आहे याचे गणित कचेरीत बसूनच मांडता येई.

तारेची भाषाही बदलत गेली. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षराला पाच खुणा देणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. बॉड हे वेगाचे माप त्याच्याच नावावरून आले. पण दोन्ही टोकांची यंत्रे एका तालात चालवणे कठीण जाई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिकागोच्या चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या पितापुत्रांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक अक्षराआधी 'सुरू' आणि नंतर 'थांब' अशी खूण द्यायची, म्हणजे दर अक्षराला ताल नव्याने जुळतो. विश्रांतीच्या वेळी तारेत प्रवाह आणि तो तुटला की 'सुरू', ही जुनीच रीत त्यांच्या टेलिप्रिंटरने पुढे चालवली. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारी यंत्रे याच घराण्यातली.

१९६०च्या सुमारास गॉर्डन बेलने पीडीपी-१ संगणकाला टेलिप्रिंटर जोडण्यासाठी या खुणा बांधणारे आणि सोडवणारे सर्किट रचले. १९७१ मध्ये वेस्टर्न डिजिटलने तेच काम एका चिपमध्ये बसवले. तिला यूएआरटी म्हणतात आणि आज ती जवळपास प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये असते. म्हणून दोन कार्डे या पद्धतीने बोलत असतील, तर त्यांच्यातली तार रिकामी असतानाही पाच किंवा ३.३ व्होल्टवर उभी राहते. मोर्सकाळचा वाहता प्रवाह तिथे व्होल्टेजच्या रूपात शिल्लक आहे. ९६०० बॉडच्या वेगात एक अक्षर साधारण एक मिलिसेकंदात जाते.

दोष आकड्यात सांगण्याची सवय मोटारींनी रुळवली. जनरल मोटर्सने १९८१ पासून अमेरिकेतल्या गाड्यांत 'चेक इंजिन'चा दिवा विशिष्ट क्रमाने लुकलुकवून कोड सांगायला सुरुवात केली. त्यातला कोड १२, म्हणजे एक लुकलुक, विराम आणि दोन लुकलुकी, याचा अर्थ होता: डिस्ट्रिब्युटरकडून खूण येत नाही. इंजिन बंद असताना ती यायचीच नाही. म्हणून मेकॅनिक आधी हाच कोड दिसतो का ते पाहून तपासणीची यंत्रणा शाबूत असल्याची खात्री करून घेई. दोषांच्या त्या यादीत गप्प तार होतीच. फक्त ती दोष आहे की निव्वळ विश्रांती, हे माणसाला ठरवावे लागे. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या दुचाकींनाही आपला बिघाड ओळखून दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आता शेगडीकडे परत येऊ. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानित गॅस सिलिंडर वर्षाला सहावर आणले. पुढे ते नऊ आणि मग बारा झाले. त्या टंचाईने इंडक्शन शेगडीला घराघरांत जागा मिळवून दिली. योगायोग असा की याच सुमारास, जुलै २०१३ मध्ये, देशातली तारसेवा बंद झाली. तार कचेरीतून गेली आणि तिची विद्या स्वयंपाकघरात आली.

दुरुस्तीच्या टेबलावर ती अशी चालते. शेगडी थेट मेनवर न लावता शंभर वॅटच्या बल्बसोबत सिरीजमध्ये लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि आयजीबीटी वाचतो. या शेगड्यांत पॉवर कार्डाचे ग्राउंड बहुधा मेनपासून वेगळे नसते, म्हणून प्लग लावलेला असताना पाच व्होल्टच्या तारेलाही हात लावायचा नाही. मीटरने आधी पाच व्होल्टचा पुरवठा पाहायचा. तोच खचला असेल तर बोलण्याचा प्रश्नच येत नाही. बऱ्याचदा पुरवठ्यातला कपॅसिटर गेलेला असतो. पुरवठा ठीक असेल तर बोलण्याच्या तारांवरचा विश्रांतीचा दाब पाहायचा. तो शून्य असेल तर वीज काढून पट्टी एका बाजूने सोडायची आणि पुन्हा मोजायचे. दाब परत आला तर सोडलेले कार्ड तार खाली ओढत होते. नाही आला तर दोष अलीकडे. ओशॉनेसीच्या काळातली मधली कचेरी इथे कनेक्टर होऊन बसली आहे.

पुष्कळदा दोन्ही कार्डे निर्दोष निघतात. पंखा बाहेरची हवा ओढतो आणि तिच्यासोबत फोडणीचा तेलकट धूर, पावसाळ्यातली दमट हवा आणि उबेच्या आशेने झुरळेही आत येतात. कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, सोल्डर ड्राय होते. थिनरने पुसून, टाके पुन्हा भरून, पट्टी नीट बसवून शेगडी चालू होते. हे न करता आकड्यावर विसंबून कार्ड बदलणाऱ्याचे काम कधी साधते तेही याचमुळे: नवे कार्ड बसवताना पट्टी निघते आणि पुन्हा बसते.

साध्या शेगड्यांत आता मेंदू एकाच कार्डावर असतो आणि आकड्यांच्या पट्टीला स्वतःची बुद्धी नसते. तिथे दोघांत गैरसमज व्हायला वावच नाही, पण बिघाड झाला की अख्खे कार्ड जाते. दुसऱ्या टोकाला वायफायच्या शेगड्या आहेत. त्यांचा एक संवादी दूरच्या सर्व्हरवर बसतो आणि तिथवरचा दुवा वाशीमच्या टेबलावर मध्ये सोडून पाहता येत नाही. पावणेदोनशे वर्षे ही विद्या टिकली, कारण दुवा अर्धा करण्याची जागा माणसाच्या हाती होती. शेगडी घेताना वॅट आणि किंमत सगळेच विचारतात. आत कार्डे किती, मधली पट्टी सुटते का आणि सुटे कार्ड मिळते का, हेही दुकानदाराला विचारावे.